केक किलोवर विकतात, पण तो उभा कशावर राहतो?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये शेजारच्याच्या रील्सपुढे आपला आवाज पोचला नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचे "म्हणजे... म्हणजे..." तेवढे काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्ही तीन मजली केक बघता. गुळगुळीत फॉन्डंट, साखरेची फुलं, वर बाळाचं नाव. तर सांगा, सगळ्यात वरचा केक कशावर उभा असतो?

बहुतेक जण म्हणतील, "मधल्या केकवर. आणि मधला खालच्यावर. त्यात विचारायचं काय?"

तर नाही. नीट बांधलेल्या टियर केकमध्ये वरचा केक खालच्या केकवर उभा नसतोच. तो उभा असतो आत लपवलेल्या काड्यांवर. आणि त्या काड्या आत कशा गेल्या, कधी गेल्या, ही जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची गोष्ट आहे. त्यात लंडनचं एक चर्च आहे, एक राजकन्या आहे, महायुद्धातला पुठ्ठा आहे आणि शेवटी आपलं ठाणं, डोंबिवली, कल्याण आहे. शेवटी थोडं भांडणही आहे, पैशांवरून. ते ऐकल्याशिवाय जाऊ नका.

आधी थोडं गणित. घाबरू नका, सहावीचं आहे.

आपल्याकडे तीन मजल्यांचं एक नेहमीचं माप असतं. खाली १० इंच, मध्ये ८, वर ६. हा व्यास. उंची प्रत्येकाची ४ इंच धरू. उंची सारखी असली की वजन क्षेत्रफळाप्रमाणे वाढतं, म्हणजे व्यासाच्या वर्गाप्रमाणे. ६ चा वर्ग ३६, ८ चा ६४, १० चा १००. आता ३६ आणि ६४ ची बेरीज करा. बरोबर १००! पायथागोरसचा तोच त्रिकोण, ६-८-१०. म्हणजे वरचे दोन केक मिळून खालच्या एका केकएवढे भरतात. खालच्या केकने स्वतःला तर सावरायचंच, शिवाय स्वतःएवढंच आणखी एक वजन डोक्यावर घ्यायचं.

आकड्यांत बघू. स्पंज, आतलं क्रीम आणि वरचं फॉन्डंट धरलं तर वरच्या दोन मजल्यांचं वजन अंदाजे चार किलो होतं. चार किलो म्हणजे फार नाही, एवढं दप्तर शाळेतली मुलं उचलतात. पण स्पंज म्हणजे काय? बहुतांशी हवा. भोकांची जाळी. त्यावर चार किलो ठेवलं तर तो लगेच कोसळणार नाही. हळूहळू दबेल. बाजूचं फॉन्डंट फुगेल, त्याला सुरकुत्या पडतील, मग एका बाजूला चीर जाईल. सकाळी सरळ असलेला केक संध्याकाळी वाकलेला दिसतो तो असा. आणि कापण्याची वेळ नेमकी संध्याकाळचीच असते.

मी दिवसा कोड लिहिते. पण आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी, शाखा कुठलीही असो, इंजिनिअरिंग मेकॅनिक्स होतं. कॉम्प्युटरवाले सगळे कुरकुरायचे, "आम्हाला हे कशाला?" त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे: वजन कुठून निघतं आणि जमिनीपर्यंत कुठल्या वाटेनं पोचतं? ही वाट सापडली की अर्धं उत्तर सापडलं. केकचंही तसंच आहे.

आणि ही वाट आपल्या आज्या-पणज्यांना चांगली माहीत होती. उतरंड आठवते? जुन्या घरात कोपऱ्यात मडकी एकावर एक रचलेली असायची. सगळ्यात मोठं खाली, वर लहान लहान होत जायची. आत डाळ, तांदूळ, बी-बियाणं. आता उतरंड नीट बघा. वरचं मडकं खालच्या मडक्यातल्या डाळीवर बसलेलं नसतं. ते बसतं खालच्या मडक्याच्या तोंडावर, काठावर. वजन काठातून उतरतं, भाजलेल्या मातीतून खाली जातं आणि चुंबळीवरून जमिनीला मिळतं. आतल्या धान्यावर वरचा भार येत नाही. टियर केकमध्ये हेच करायचं असतं. स्पंज म्हणजे मडक्यातली डाळ. तिच्यावर भार द्यायचा नाही.

मडक्याला काठ असतो. केकला नाही. मग तो काठ आणायचा कुठून? इथून इतिहास सुरू होतो.

मजल्यांच्या केकबद्दल एक गोष्ट इंटरनेटवर सगळीकडे सापडते. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटजवळ सेंट ब्राइड्स नावाचं चर्च आहे. क्रिस्टोफर रेननं बांधलेलं. त्याचा मनोरा १७०३ सालचा, एकावर एक लहान होत जाणाऱ्या अष्टकोनी मजल्यांचा. गोष्ट अशी की, तिथे जवळच विल्यम रिच नावाचा एक मिठाईवाला राहायचा. त्यानं खिडकीतून हा मनोरा बघितला आणि तसाच लग्नाचा केक केला. झाली मजल्यांच्या केकची सुरुवात.

गोष्ट गोड आहे. चर्चचं नावही 'ब्राइड', म्हणजे आणखी गोड. पण तारखा जुळत नाहीत. रिचची गोष्ट अठराव्या शतकातली. आणि पुढची जवळपास शंभर वर्षं इंग्लंडच्या राजघराण्यातसुद्धा असा केक दिसत नाही. राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं १० फेब्रुवारी १८४० ला. तिचा केक होता सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलो. घेर तीन यार्ड, जाडी १४ इंच. अवाढव्य! पण मजला एकच. जात्याची तळी असावी तसा एक प्रचंड फ्रूट केक, आणि वर साखरेच्या बाहुल्या. एवढी सत्ता, एवढा पैसा, पण केकवर केक ठेवलेला नाही.

मग १८५८ येतं. व्हिक्टोरियाची थोरली मुलगी, तिचंही नाव व्हिक्टोरिया, हिचं लग्न प्रशियाच्या राजपुत्राशी झालं. तिच्या केकला तीन मजले होते. लोक बघत राहिले. पण त्यातली गंमत अशी की केक फक्त खालचा होता. वरचे मजले निव्वळ साखरेचे, शोभेचे. आजच्या भाषेत सांगायचं तर डमी. हे नाव लक्षात ठेवा, 'राजकन्येचा डमी'. शेवटच्या भांडणात आपल्याला ते लागणार आहे.

सगळे मजले खरोखर केकचे असलेला शाही केक आला १८८२ मध्ये, राणीचा धाकटा मुलगा लिओपोल्ड याच्या लग्नात. हा सगळा क्रम ग्लासगोच्या सायमन चार्सली या मानववंशशास्त्रज्ञानं लावला. त्यानं लग्नाच्या केकवर अख्खं पुस्तक लिहिलंय, १९९२ साली. पुढच्या काही वर्षांत मजल्यांच्या मधे खांब आले आणि चर्चच्या मनोऱ्यासारखा दिसणारा, खांबांवर उभा असलेला पांढरा केक ही इंग्रजी लग्नाची ओळख बनली.

आता मेकॅनिक्सचा प्रश्न विचारू. या खांबांचं वजन कुठे जायचं?

इथे ब्रिटिशांच्या बाजूनं दोन गोष्टी होत्या. एक, त्यांचा केक म्हणजे स्पंज नव्हे. मनुका, बेदाणे, सुकवलेली साल ठासून भरलेला, महिनोनमहिने मुरवलेला फ्रूट केक. विटेसारखा घट्ट. दोन, त्यावर रॉयल आयसिंग. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर एकत्र फेटायची आणि थरावर थर देऊन वाळवायची. वाळलं की कडकडीत, चुन्याच्या गिलाव्यासारखं. असं कवच असलं की खांब सरळ आयसिंगवर ठेवता यायचे. कवच भार पसरवायचं, खालचा फ्रूट केक तो झेलायचा. म्हणजे उतरंडच झाली, फक्त काठाऐवजी अख्खं झाकण मडक्याचं.

मग आलं दुसरं महायुद्ध. ब्रिटनमध्ये साखर रेशनवर गेली आणि १९४० साली केकवर साखरेचं आयसिंग करून विकायला बंदी आली. पण लग्नं थांबतात होय? बेकरीवाल्यांनी तोड काढली. पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टरचा मजल्यांचा पांढराशुभ्र केक बनवून भाड्यानं द्यायला सुरुवात केली. फोटो त्या पुठ्ठ्याबरोबर. फोटो झाला की टोपण उचलायचं, खालून लहानसा साधा केक निघायचा. पाहुणे तोच खायचे. आणि कुणी तक्रार करत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की पोटाचं काम वेगळं आणि डोळ्यांचं काम वेगळं.

युद्ध संपलं तरी रेशन चालूच होतं. २० नोव्हेंबर १९४७ ला राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं, आपल्याला स्वातंत्र्य मिळून तीन महिने झाले होते. तिचा केक चार मजली, नऊ फूट उंच, सुमारे ५०० पौंडांचा. त्यासाठी लागणारं सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी पाठवलं होतं. नऊ फूट! म्हणजे घराच्या छताला टेकेल असा. तरी तो उभा राहिला, कारण घट्ट फ्रूट केक आणि टणक आयसिंग.

आता कथानकात फॉन्डंट येतं आणि सगळं बिघडतं.

साखरेची कणीक मळून तिला आकार देण्याची कला युरोपात फार जुनी आहे, सोळाव्या शतकातली. पण केकवर पांघरायचं मऊ, लाटता येणारं आयसिंग लोकप्रिय झालं ते विसाव्या शतकात. ऑस्ट्रेलियात त्याला 'प्लास्टिक आयसिंग' म्हणायचे, आणि १९८० च्या दशकात ब्रिटनमध्येही ते रॉयल आयसिंगला मागे टाकू लागलं. पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि बांधून ठेवायला जिलेटिन. मोठ्या पोळीसारखं लाटायचं आणि केकवर अलगद सोडायचं. दिवसच्या दिवस वाळवायला नको. खायला मऊ, कापायला सोपं. आणि आत हवा तो केक. चॉकलेट घ्या, रसमलाई घ्या. जड फ्रूट केकची सक्ती गेली.

पण फॉन्डंट म्हणजे कवच नव्हे, चादर आहे. चादरीवर खांब ठेवला तर तो खाली घुसणार. वर फॉन्डंट स्वतःही जड. आपल्या १०-८-६ च्या केकला ते दोन किलोच्या आसपास लागतं. म्हणजे केक मऊ झाला, पांघरूण मऊ झालं आणि वजन मात्र वाढलं. मग आधार कुठे जाणार? आत. खांब दिसायचे बंद झाले, मजले एकमेकांना चिकटून बसले, आणि जे काम आधी कडक साखर उघडपणे करत होती ते आतल्या काड्यांवर आलं. त्या दिवसापासून केकला उभं ठेवणारी गोष्ट फोटोत यायची बंद झाली.

या काड्यांना डॉवेल म्हणतात. लाकडी असतात, प्लास्टिकच्या असतात. आपल्याकडच्या बऱ्याच होम बेकर बबल टीचे जाड स्ट्रॉ वापरतात. मला आधी हे ऐकून हसू आलं होतं. स्ट्रॉवर चार किलो? पण कागदावर मांडून बघितलं तर पटतं. उभी काडी वजनाखाली मोडते ती चिरडून नव्हे, बहुतेक वेळा मधे वाकून. आणि वाकण्याचा संबंध लांबीच्या वर्गाशी असतो. तीच काडी दुप्पट लांब केली तर ती एक चतुर्थांशच वजन पेलते. उलट, लांबी अर्धी केली तर चौपट. स्ट्रॉ चार इंचांचाच असतो, शिवाय चारही बाजूंनी केक त्याला धरून असतो, वाकू देत नाही. पोकळ नळी असल्यामुळे केकही कमी फाटतो. असे पाच-सहा स्ट्रॉ चार किलो सहज पेलतात.

पद्धत अशी. प्रत्येक मजल्याखाली त्याचा स्वतःचा बोर्ड हवा. पातळ, केकच्याच मापाचा, न दिसणारा. खालच्या केकमध्ये एक स्ट्रॉ तळाच्या बोर्डापर्यंत घालायचा, वर फॉन्डंटच्या पातळीला खूण करायची, बाहेर काढून कापायचा आणि बाकीचे सगळे त्याच मापाने कापायचे. मग वरच्या बोर्डाच्या घेराच्या आत गोलाकार बसवायचे. वरचा मजला बोर्डासकट या स्ट्रॉवर टेकतो. बोर्ड विसरलात तर स्ट्रॉ वरच्या केकमध्ये घुसतात, कमरेएवढ्या चिखलात खांब रोवल्यासारखे.

"त्याच मापाने" का, तेही सांगते. समजा एक स्ट्रॉ दोन मिलिमीटर उंच राहिला. तर बोर्ड त्याच्यावर आणि समोरच्या बाजूच्या दोनांवर टेकतो, बाकीचे नुसते उभे. चहाच्या टपरीवरचं डुगडुगणारं स्टूल बघितलंय ना? तेच. सहा जणांचं काम तिघांवर येतं. आणि स्ट्रॉ तिरके गेले तर आणखी वाईट. सगळे एकाच बाजूला झुकतात आणि अख्खा मजला घसरतो.

हे झालं उभ्या वजनाचं. पण केक टेबलावर बनतो आणि गाडीतून जातो. ब्रेक लागला की खालचा बोर्ड गाडीबरोबर थांबतो, वरचा केक मात्र पुढे निघतो. म्हणून मधून एक लांब काठी घालतात, टोक पेन्सिलीसारखं तासलेलं, सगळे बोर्ड भेदून तळाच्या जाड बोर्डात रुतणारी. स्ट्रॉ वजन उचलतात, ही काठी घसरणं थांबवते. दोन वेगळी कामं, दोन वेगळे आधार.

आता आपल्याकडे येऊ.

मजल्यांचा केक आपल्याकडे आला तो साहेबाबरोबर. मुंबईत फोर्टमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन इटालियन भावांचं मॉन्जिनीज होतं, तिथल्या युरोपियन लोकांसाठी. १९५८ साली ते खोराकीवाला कुटुंबाकडे आलं, पुढे फ्रँचायझी निघाल्या आणि केक उपनगरांच्या नाक्यानाक्यावर पोचला. पण त्याच्याही आधीपासून साष्टी-वसईच्या ईस्ट इंडियन लोकांच्या लग्नांत केक होताच. ही मराठी बोलणारी ख्रिस्ती माणसं. ठाण्यात तलावपाळीला मासुंद्याच्या काठी सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे, तिथून जाताना हे आठवा. म्हणजे केक आणि मराठी यांची ओळख इन्स्टाग्राममुळे झालेली नाही.

आणि बाकीच्या लग्नांत? तिथे रुखवत होतं. मुलीकडच्यांनी मांडलेले लाडवांचे मनोरे, चिरोटे, करंज्या, साखरेची फळं, हलव्याचे दागिने. तेही बघण्यासाठीच. तेही मामी, आत्या, काकूंनी रात्री जागून केलेलं. आणि वरातीत ते मोडू नये म्हणून मांडीवर घेऊन बसलेली एक मावशी प्रत्येक जुन्या लग्नात असायचीच.

आज फॉन्डंटला आपल्याकडे तीन अडचणी आहेत. पहिली, जिलेटिन. ते प्राण्यांपासून बनतं, म्हणून शाकाहारी घरांसाठी बिनजिलेटिनचं फॉन्डंट लागतं. दुसरी, एगलेस. आपल्याकडे निम्म्या ऑर्डरींना हा शब्द चिकटलेला असतो असं होम बेकर सांगतात. अंडं नसलेला स्पंज साधारणपणे जास्त मऊ आणि भुसभुशीत. म्हणजे आधाराचं काम आणखी वाढलं. तिसरी, हवा. ठाण्याला खाडी, डोंबिवलीला खाडी, कल्याणलाही खाडी. साखर हवेतलं पाणी ओढते. केक फ्रिजमधून काढला की त्यावर दव जमतं, फॉन्डंट चमकायला आणि चिकटायला लागतं. यावर तोड म्हणून फॉन्डंटखाली डार्क चॉकलेटच्या गनाशचा थर देतात. दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम, उन्हाळ्यात चॉकलेट आणखी जास्त. घट्ट झालं की त्याचं कवच होतं. म्हणजे बघा, ब्रिटिशांचं ते हरवलेलं कडक झाकण आपल्या बायकांनी चॉकलेटमध्ये परत आणलं.

यातली एक अडचण तर महाराष्ट्रातूनच जगाला सोडवून दाखवली गेली. रॉयल आयसिंगला अंडं लागतं, म्हणून आपल्याकडे ते फारसं रुजलं नाही. पुण्याच्या प्राची धबल देब इंग्लंडला जाऊन एडी स्पेन्स यांच्याकडे ही कला शिकल्या, ज्यांनी ब्रिटिश राजघराण्यासाठी केक सजवले. पुण्यात परत येऊन त्यांनी बिनअंड्याच्या रॉयल आयसिंगवर काम केलं. २०२२ मध्ये लंडनच्या 'वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्स'नं त्यांच्या १०० किलोच्या व्हीगन रॉयल आयसिंगच्या वास्तूची नोंद केली. मिलानच्या कॅथीड्रलवरून सुचलेली वास्तू. सेंट ब्राइड्सच्या दंतकथेत चर्चवरून केक झाला होता. इथे ते खरोखर घडलं, आणि पुण्यात घडलं.

थरांचा विषय निघाला आणि दहीहंडी नाही निघाली तर ठाणेकर मला माफ करणार नाहीत. १० ऑगस्ट २०१२ ला जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकानं ठाण्यात नऊ थर लावले. उंची १३.३४ मीटर, गिनीजमध्ये नोंद झाली. पण तिथे डॉवेल नसतात. वजनाची वाट माणसांच्या खांद्यांतून, पाठीतून, गुडघ्यांतून जाते. वरच्या एक्क्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. तळाच्या थरातल्या माणसाचं तोंड खाली असतं. त्याला हंडी फुटलेली दिसतही नाही, आवाजावरून कळते.

आता ते भांडण.

माझी मावशी डोंबिवली पूर्वेला राहते आणि घरून केक करते. लॉकडाऊनमध्ये कितीतरी घरांतले ओव्हन तापले, तिचाही. काहींचे नंतर थंड झाले, तिचा चालू राहिला. तिच्या ऑर्डरी डोंबिवलीच्या असतात, कल्याणच्या असतात, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांतल्याही असतात. सगळ्यात कठीण काय, असं विचारलं तर ती फॉन्डंट म्हणत नाही, गुलाब म्हणत नाही. ती म्हणते, "पोचवणं."

कल्याणचा पत्रीपूल आठवतोय ना? शंभर वर्षांहून जुना पूल २०१८ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला, पाडला, आणि नवा सुरू झाला २५ जानेवारी २०२१ ला. मधली दोन-अडीच वर्षं कल्याण-शीळ रोडवर गाडी घेऊन निघणं म्हणजे काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. एसी लावलेली गाडी, मागे सपाट जागेवर केक, खाली न घसरणारी जाळी, आणि खड्डे. दोन मजले जोडून न्यायचे की सुटे नेऊन हॉलवर जोडायचे, हा निर्णय ती चवीवरून घेत नाही, रस्त्यावरून घेते. हॉलवर जोडायचे म्हणजे आणखी एक तास आणि आणखी एक माणूस. बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे माझे काका, रविवारची झोप सोडून.

आणि मग फोनवर गिऱ्हाईक विचारतं, "किलोला काय भाव?"

आपल्याकडे केक किलोवर विकला जातो. कांद्यासारखा. एक मजली क्रीम केकला ते ठीकही आहे. पण टियर केकमध्ये जे वजनात येतं आणि जे त्याला उभं ठेवतं, त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बोर्डाचं वजन नाही. स्ट्रॉचं वजन नाही. मधल्या काठीचं नाही. स्ट्रॉ एकाच मापाचे कापण्यात गेलेल्या वेळेचं नाही. गाडीचं, एसीचं, काकांच्या रविवारचं नाही. किलोच्या भावात आधाराला रकानाच नाही.

डमीची गोष्ट तर त्याहून भारी. पाहुणे तीस आणि फोटोसाठी तीन मजले हवेत, तेव्हा वरचे दोन थर्माकोलचे करतात. त्यावर फॉन्डंट तेवढंच, फुलं तेवढीच, मेहनत तेवढीच. मावशीला हमखास ऐकायला मिळतं, "वरचे दोन तर खोटे आहेत, मग त्याचे पैसे कसले?" तिच्या वहीत मी हिशोब मांडून दाखवला. तीन किलोच्या खऱ्या केकचे पैसे मिळाले आणि बाकी सहा तासांचं काम 'खोट्या' दोन मजल्यांवर फुकट गेलं. आता तिला राजकन्येचा डमी माहीत आहे. ती सांगते, "अहो, इंग्लंडच्या राणीच्या मुलीलासुद्धा वरचे मजले खायचे नव्हते, बघायचेच होते. आणि कारागिराला त्याचे पैसे मिळालेच असतील ना!" याला पुरावा माझ्याकडे मागू नका, हा मावशीचा युक्तिवाद आहे. पण गेल्या काही महिन्यांपासून तिच्या दरपत्रकात दोन ओळी वेगळ्या आहेत. 'केक, किलोप्रमाणे' ही एक. आणि 'उभारणी व पोच' ही दुसरी. काही गिऱ्हाइकं गेली. बरीचशी राहिली. एकदा विचारलं की लोकांना कळतं, आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

मला या इतिहासातून हेच दिसतं. जोवर आधार बाहेर होता, कोरीव खांबांच्या रूपात होता, तोवर त्याचं कौतुक होतं, त्याचे पैसे होते. तो आत गेला, नीट लपला, आणि लपवण्यात जितकं कौशल्य वाढलं तितका तो फुकट समजला जाऊ लागला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही, सर्व्हर बंद पडेपर्यंत तो चालवणारा कुणाला आठवत नाही. पण आम्हाला निदान महिन्याच्या शेवटी पगार येतो, कोडच्या ओळी तोलून पैसे देत नाहीत.

तर पुढच्या वेळी टियर केक मागवाल, तेव्हा भाव जरूर करा, तो आपला जन्मसिद्ध हक्क आहे. पण "किलोला काय?" याच्या आधी एक प्रश्न विचारा: "आत आधार काय घालता, आणि हॉलवर जोडायला कोण येणार?" जिला हे नीट सांगता येतं, तिचा केक संध्याकाळपर्यंत सरळ उभा राहील याची खात्री बाळगा.

आणि तुमच्यापैकी कुणी घरून केक करत असेल, किंवा केक मांडीवर घेऊन डोंबिवली ते ठाणे लोकलनं आलं असेल, तर तो किस्सा व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक किस्से पुढच्या भागाच्या सुरुवातीला ऐकवू. पुढचा भाग रुखवतावर करायचा विचार आहे, तेव्हा घरात आजी असेल तर आजच तिला विचारून ठेवा: लाडवांचा मनोरा ढासळू नये म्हणून तुम्ही काय करायचात?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.